चार आवाज आणि सेकंदाचा साठावा भाग

(गेमबॉयवरच्या संगीताविषयी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. चिपट्यून, म्हणजे जुन्या खेळयंत्रांच्या आवाजाच्या चिपवर केलेलं संगीत, म्हटलं की बहुतेकांना आधी स्वतःचं लहानपण आठवतं. कुठला तरी खेळ, कुठली तरी अर्धवट राहिलेली पातळी. ती आठवण गोड असते, पण आज मला या यंत्राकडे वाद्य म्हणून बघायचं आहे. वाद्य म्हटलं की प्रश्न बदलतात. याचा पल्ला किती? हे कुठे सुरात राहतं आणि कुठे सुटतं? याच्यावर हात कसा बसवायचा?

हा गेमबॉय, हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. निन्टेंडोने तो १९८९ साली जपानमध्ये बाजारात आणला. गुनपेई योकोई यांच्या चमूने मुद्दाम स्वस्त, जुनं आणि भरवशाचं तंत्र वापरून तो बनवला होता. घड्याळ सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचं, कामाची मेमरी ८ किलोबाइट, पडद्यावर करड्या-हिरव्या चार छटा. आवाजाचंही तसंच. एका वेळी चार चॅनल वाजतात, आणि प्रत्येक चॅनल एका क्षणी एकच सूर धरतं. कॉर्ड नाही, एको नाही, ढोल नाही. तरीही याच यंत्रावर कॉर्ड वाजतात, एको येतो, ढोल घुमतात. हे सगळं येतं कुठून? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: वेळेतून. या यंत्राकडे आवाज थोडे आहेत, पण ते त्यांना फार झटपट बदलू शकतं. गेमबॉयवर रचना करणं म्हणजे त्या बदलांची वेळ साधणं.

आधी चारही चॅनलांची ओळख करून घेऊ, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली दोन चॅनल पल्स लहरींची. लहर वर जाते, काही काळ वर राहते, खाली येते, बस. एका आवर्तनातला किती भाग ती वर राहणार याचे चार पर्याय आहेत: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. ५० टक्क्यांवर आवाज पोकळ आणि गोल येतो, क्लॅरिनेटच्या जवळचा, कारण त्यात सम क्रमांकाचे उपस्वर नसतातच. १२.५ टक्क्यांवर तो बारीक, अनुनासिक होतो आणि गर्दीतून कापत वर येतो. २५ आणि ७५ या एकमेकींच्या उलट्या आकृत्या आहेत, आणि कानाला त्यांच्यात फरक कळत नाही. म्हणजे कागदावर रंग चार, कानाला तीन. या दोन्ही चॅनलांना यंत्रातच एन्व्हलप, म्हणजे सुराच्या आवाजाचा चढ-उताराचा आकार, मिळतो. आवाज १६ पायऱ्यांनी चढतो किंवा उतरतो, आणि प्रत्येक पायरीचा वेग सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाच्या पटीत ठरवता येतो. सगळ्यात वेगवान उतार पाव सेकंदाच्या आत संपतो, सगळ्यात सावकाश उतार दीड सेकंदाहून थोडा जास्त टिकतो. यापेक्षा लांब सूर विझवायचा असेल तर तो आकार तुम्हाला हाताने बांधावा लागतो.

तिसरं चॅनल वेव्ह. मला सगळ्यात जवळचं हेच. इथे लहरीचा आकार तुम्ही स्वतः काढता: ३२ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला १६ पैकी एक उंची. बस, १६ बाइट. पल्सचा सर्वांत खालचा सूर ६४ हर्ट्झचा, तर वेव्हचा ३२ हर्ट्झचा, एक पूर्ण सप्तक खाली. त्यामुळे खर्जाची बाजू बहुतेक वेळा हेच चॅनल सांभाळतं. पण याला एन्व्हलप नाही. आवाज पूर्ण, अर्धा, पाव किंवा बंद, एवढेच टप्पे. मग खर्जाचा सूर हळूहळू कसा मिटवायचा, त्यात फिल्टर उघडल्या-मिटल्यासारखी हालचाल कशी आणायची? किंचित वेगवेगळ्या आकारांच्या १६ लहरी तयार करायच्या आणि त्या एकामागून एक चॅनलमध्ये भरत जायचं. कानाला एकच सूर रंग बदलताना ऐकू येतो. प्रत्यक्षात पुढे सरकत असतात ती स्थिर चित्रं.

चौथं चॅनल नॉइज. याच्या आत १५ बिटांचं एक रजिस्टर, म्हणजे चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा, सतत सरकत असतं आणि आकड्यांची अशी मालिका काढतं की ती अगदी यादृच्छिक वाटते. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते ३२,७६७ पावलांनी, म्हणून कानाला नुसती फस्स ऐकू येते. पण एक बिट बदललं की तेच रजिस्टर ७ बिटांचं होतं, आणि मालिका १२७ पावलांतच फिरून येते. आता ती इतक्या लवकर पुन्हा येते की कान तिला सूर समजतो, धातूच्या पत्र्यावर ओरखडा काढावा तसा. गोंगाटाचा सूर व्हायला इथे काय लागलं? फक्त पुनरावृत्तीचा वेग. माझं सगळं म्हणणं या एका बिटात आलेलं आहे.

आता कॉर्ड. सा, ग, प असे तीन सूर एकाच पल्स चॅनलवर हवे आहेत. प्रत्येक सूर सेकंदाच्या साठाव्या भागापुरता धरायचा आणि पुढच्यावर जायचं. तिन्ही सुरांची फेरी सेकंदाला वीस वेळा होते. सावकाश वाजवलं तर ती तान वाटते. या वेगाला मात्र कान तिन्ही सूर एकत्र बांधतो आणि थरथरती, झिणझिणती कॉर्ड ऐकू येते. घरगुती कॉम्प्युटरांवर संगीत करणाऱ्यांनी ही युक्ती १९८० च्या दशकातच मुरवली होती. आज अनेकांना तीच चिपट्यूनची खूण वाटते. मला ती प्रत्येक गाण्यात सतत ऐकायला आवडत नाही. दोनच सुरांची फेरी, किंवा फक्त सुरुवातीला झटकन तीन सूर आणि मग एकावर स्थिर, हे पुष्कळदा जास्त बोलतं.

ढोलाचंही तसंच. वेव्ह चॅनलवर गोल, मऊ लहर घ्या, काहीशे हर्ट्झवर सुरू करा आणि सेकंदाच्या काही शतांश भागांत तळाला नेऊन सोडा. कानाला सूर घसरल्याचं कळतच नाही, त्याला चामड्यावरचा ठोका लागतो. उताराचा वेग थोडा बदला, ढोल कोरडा होतो. आणखी सावकाश करा, तो घुमतो.

पण वेव्हवर तर खर्ज चालू होता! इथून खरी रचना सुरू होते. छोट्या नाटक कंपनीत राजाचं काम करणारा नट पुढच्या प्रवेशात द्वारपाल होऊन येतो, तसं इथे प्रत्येक चॅनलला दोन-तीन भूमिका कराव्या लागतात. ढोल पडतो त्या क्षणी खर्ज थांबतो, आणि ढोल विझताच पुढच्या पावलावर परत येतो. ऐकणाऱ्याला मधली फट जाणवत नाही, कारण ढोलाचा तळ तिथे भरलेला असतो. चालीच्या दोन सुरांमध्ये मोकळी जागा असेल तर तिथे आधीचाच सूर हलक्या आवाजात ठेवायचा, आणि एकाच चॅनलवर एको मिळतो. दुसरं पल्स चॅनल रिकामं असेल तर तीच चाल त्याच्यावर थोडी उशिरा, थोडी दबकी ठेवायची. जागा एकदम मोठी होते. हेडफोनला हे यंत्र स्टिरिओ देतं, पण प्रत्येक चॅनल डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे, इतकंच. अधलंमधलं काही नाही. म्हणून चाल डावीकडे आणि तिची सावली उजवीकडे ठेवली की परिणाम थेट होतो.

सुरेलपणाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण नवीन माणूस इथेच गोंधळतो. पल्स चॅनलची कंपनसंख्या काढायला १,३१,०७२ या आकड्याला एका पूर्णांकाने भागायचं. ४४० हर्ट्झ हवे असतील तर २९८ ने भागा, ४३९.८ मिळतात. उत्तम. पण त्याच्या दोन सप्तकं वरचा १७६० हवा असेल तर भाजक साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास लागतो, आणि अर्धा भाजक उपलब्ध नाही. ७४ घेतला तर १७७१ येतात, ७५ घेतला तर १७४८. म्हणजे एक चढा, दुसरा उतरा. जितकं वर जाल तितक्या पायऱ्या लांब होत जातात. खालच्या सुरांवर मींड रेशमी येते, वर तीच मींड दातेरी होते. चाल मधल्या पट्टीत ठेवा आणि वर जायचं तर थांबू नका, स्पर्श करून खाली या. लांबवलेला वरचा सूर या यंत्रावर कानाला बोचतो.

हे सगळं रजिस्टरांत आकडे भरून करायचं म्हटलं तर कुणी संगीत केलंच नसतं. यंत्र आतून कसं चालतं याची हौशी प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेली कागदपत्रं १९९५ पासून फिरू लागली, ती आज पॅन डॉक्स नावाने ओळखली जातात. त्यानंतर १९९८ मध्ये जर्मनीतल्या ओलिव्हर विटशो यांनी गेमबॉयवरच संगीत रचायचा नॅनोलूप हा प्रोग्राम आणला, आणि काही वर्षांतच स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचा लिटल साउंड डीजे आला, ज्याला सगळे एलएसडीजे म्हणतात. नॅनोलूपमध्ये चार गुणिले चार चौकटींची जाळी आहे आणि तो बोटांना जवळजवळ खेळासारखा वाटतो. एलएसडीजे ट्रॅकर आहे, म्हणजे त्यात सूर वरून खाली ओळींत आकड्यांनी लिहायचे. १६ पावलांची एक फ्रेझ, फ्रेझा ओवून चेन, आणि चेन चार रकान्यांत मांडून गाणं. सगळे आकडे सोळाच्या पद्धतीत, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी. पहिल्या आठवड्यात हे डोक्यावरून जातं. मग अंगठे शिकतात. सिलेक्ट दाबून बाण फिरवला की पडदा बदलतो, ए दाबून बाण फिरवला की आकडा बदलतो, आणि काही काळाने आपण काय दाबतो आहोत हे सांगता येत नाही इतकं ते हातात बसतं.

एलएसडीजेमध्ये एका मात्रेच्या २४ टिक असतात, सहा-सहा टिकची चार पावलं. गाण्याची लय मिनिटाला १५० मात्रा ठेवली की सेकंदाला बरोबर ६० टिक पडतात. टेबल नावाच्या पडद्यावर लिहिलेली कॉर्डची फेरी टिकच्या हिशोबाने पुढे सरकते, म्हणून लय कमी केली की कॉर्डचा पोतही बदलतो. आणि ग्रूव्हच्या पडद्यावर सहा-सहाऐवजी आठ-चार लिहिलं की सगळं गाणं झोकात चालू लागतं. दोन आकडे बदलून ठेका डुलायला लागतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे. मात्र प्रोसेसरवर फार ओझं टाकलं तर पडद्यावर ‘टू बिझी’ येतं. ती सूचना ऐकावी. बहुतेक वेळा गाण्यातही तेव्हा गर्दीच झालेली असते.

हार्डवेअरविषयी, थोडक्यात. मला १९८९ चा मूळ जाडजूड नमुना आवडतो. त्याच्या हेडफोन जॅकमधून येणारा खर्ज भरीव असतो. पुढचे नमुने हलके आणि सोयीचे आहेत, पण खालचे सूर त्यांत पातळ होतात. मंचावर वाजवणारे अनेकजण आवाज व्हॉल्यूमच्या चाकाआधीच सोल्डर करून बाहेर काढतात, म्हणजे यंत्रातल्या अॅम्प्लिफायरची खरखर टळते. पडद्यामागे दिवा बसवला तर अंधारात दिसतं, पण निकृष्ट दिव्याची गुणगुण आवाजात उतरते, तेव्हा बसवल्यावर हेडफोन लावून तपासा. दोन गेमबॉय लिंक केबलने जोडले की ते एकाच लयीत चालतात आणि तुमच्याकडे आठ चॅनल येतात. आर्डुइनोबॉय नावाचा छोटा जोड वापरला तर मिडी कीबोर्डही, म्हणजे इतर वाद्ययंत्रांना सूर पाठवणारा कीबोर्ड, त्याच्याशी बोलू लागतो. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली ब्लिप फेस्टिवल सुरू झालं, तेव्हा चार चॅनलांची ही यंत्रं मोठ्या स्पीकरांवर, नाचणाऱ्या गर्दीसमोर वाजत होती, आणि सभागृह भरायला ती पुरी पडत होती.

एक काळजीची गोष्ट. जुन्या पद्धतीच्या कार्ट्रिजमध्ये तुमची गाणी एका बटनसेलच्या जोरावर टिकून असतात. सेल संपला की गाणी पुसली जातात, काही सूचना न देता. म्हणून गाणं पुरं होवो न होवो, त्याची प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा.

एम्युलेटरवर, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर, शिकलं तर चालेल का, असं मला नेहमी विचारतात. जरूर शिका. चांगल्या एम्युलेटरवर चारही चॅनल जवळजवळ तशीच वाजतात, आणि रचना पूर्णपणे तिथे करता येते. फरक पडतो तो कडांवर. उदाहरणार्थ, सूर पुन्हा सुरू न करता आवाजाची पातळी हलवण्याची सोय या चिपमध्ये अधिकृतपणे नाही. पण एन्व्हलपच्या रजिस्टरमध्ये विशिष्ट क्रमाने लिहिलं तर ती हलते. प्रोग्रामर याला झॉम्बी मोड म्हणतात, आणि गेमबॉयच्या वेगवेगळ्या नमुन्यांवर ते वेगवेगळं वागतं. असं काही वापरलंत तर ज्या यंत्रावर वाजवणार, त्याच यंत्रावर ऐकून ठरवावं लागतं.

सुरुवात करणाऱ्यांना मी एवढंच सुचवेन. पहिलं पूर्ण गाणं एकाच पल्स चॅनलवर करा. चाल, खर्ज, ठेका, एको, सगळं त्या एका रांगेत बसवा. कोणता सूर किती टिक टिकायला हवा, कुठे सोडून दिला तरी कान तो मनात धरून ठेवतो, हे त्या एका रांगेत जितकं नीट कळतं तितकं चारही चॅनल उघडी असताना कळत नाही.

आता मी एक तुकडा वाजवते. पडदा कॅमेऱ्याखाली ठेवला आहे, चारही रकाने तुम्हाला मोठे दिसतील. पहिल्या वेळी तिसऱ्या रकान्याकडे बघा: ढोलाची ओळ येते तिथे खर्ज थांबतो. दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐका, आणि खर्ज कुठे कुठे थांबला हे मोजायचा प्रयत्न करा.