दीर्घिकांतल्या थंड वायूची मोजणी

श्रोतेहो, नमस्कार. तारे जन्मतात ते रेण्वीय हायड्रोजनच्या थंड ढगांत. पण हा रेणू दोन सारख्या अणूंचा, त्यामुळे अशा थंडीत तो जवळजवळ मुकाच, म्हणजे लहरी सोडतच नाही. म्हणून त्याच्या सोबतीला असलेला कार्बन मोनॉक्साइड शोधायचा. तो ठरावीक वारंवारतांवरच रेडिओ लहरी सोडतो, त्यांना वर्णपटातल्या रेषा म्हणतात. त्याच्या रेषा ११५, २३१ आणि ३४६ गिगाहर्ट्झच्या आसपास. आपली खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दीड गिगाहर्ट्झच्या आतच काम करते, ती अणुरूप हायड्रोजन पाहते. कार्बन मोनॉक्साइडच्या लहरी हवेतलं बाष्प अडवतं, म्हणून इथे उंच, कोरडा डोंगरच हवा. उदाहरणार्थ, हवाईतल्या मौना केआवर ४०९२ मीटर उंचीवरची १५ मीटर व्यासाची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण.

समजा, एम ५१ ही सर्पिल दीर्घिका पाहायची आहे. ती सेकंदाला सुमारे ४६० किलोमीटर वेगाने दूर जाते. त्यामुळे ३४५.८० ची रेषा साधारण ३४५.२७ गिगाहर्ट्झवर येते. ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारं यंत्र, तिथेच लावायचा. आधी आकाशातल्या बाष्पाचा आकडा बघा. डोक्यावरचं सगळं बाष्प पाणी होऊन अडीच मिलिमीटरहून जास्त भरत असेल, तर सरळ २३१ च्या रेषेकडे वळलेलं बरं.

या दुर्बिणीच्या हार्प उपकरणात ४ गुणिले ४ असे १६ ग्राहक आहेत, एकमेकांपासून ३० विकला अंतरावर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). प्रत्येकाची नजर मात्र जेमतेम १५ विकलांची, म्हणजे मधे फटी राहतात. म्हणून हा चौकोन सुमारे १४ अंश तिरका धरून दीर्घिकेवरून ओढतात, आणि मग काटकोनात दुसरा फेरा. दुसऱ्या फेऱ्याचा कंटाळा करू नये. एखादा ग्राहक बंद किंवा गोंगाटी असला तर एकाच फेऱ्याच्या नकाशात पट्टे उमटतात.

रेडिओ लहरींची तीव्रता तापमानात, केल्व्हिनमध्ये सांगतात. आकाशाचा आणि यंत्राचा गोंगाट शेकडो केल्व्हिन, तर दीर्घिकेच्या बाहेरच्या भागात रेषा केल्व्हिनच्या काही शतांश. म्हणून मधूनमधून रिकाम्या आकाशाकडे बघून ते वजा करतात. ती जागा दीर्घिकेच्या बाहेरच हवी. तिथेही वायू असला तर वर्णपटात उलटा खड्डा पडतो. गोंगाट निम्मा करायला वेळ चौपट लागतो.

पुढे बेसलाइन, म्हणजे वर्णपटाचा तळ. रेषा नसलेल्या भागातून सरळ रेषा काढून ती वजा करा. नागमोडी तळ दिसला की वरच्या घाताची बहुपदी लावायचा मोह होतो. ती रुंद, मंद रेषाच गिळून टाकते. वाकडेपणा फार असेल तर ते निरीक्षण टाकून दिलेलं चांगलं.

रेषेचं उरलेलं तापमान दुर्बिणीच्या सुमारे ०.६ या कार्यक्षमतेने भागायचं. वस्तुमान काढताना सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. रेषेच्या तेजावरून वायूचं वस्तुमान देणारा, आकाशगंगेवरून आलेला ४.३५ हा नेहमीचा गुणक ११५ च्या रेषेसाठी आहे. तो ३४६ च्या रेषेला थेट लावला, तर वायू कमी भरतो. आधी दोन रेषांचं गुणोत्तर हवं, आणि ते एकाच दीर्घिकेत केंद्रापासून कडेपर्यंत बदलतं. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या बटू दीर्घिकांत तर हा गुणक कितीतरी मोठा घ्यावा लागतो.