दोन टोल्या

श्रोतेहो, नमस्कार.

पुदिना, शेपू आणि जिरं. स्वयंपाकघरातल्या ह्या तीन साध्या जिनसा बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 23व्या अध्यायात, एका आरोपपत्रात आल्या आहेत. येशू यरुशलेमच्या मंदिरात शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, आणि परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ, ह्यांना म्हणतो की, परसातल्या पुदिन्याचाही दहावा हिस्सा तुम्ही मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास तेवढे सोडून देता. डास गाळून काढता आणि उंट गिळता.

ह्या अध्यायात 'ढोंगी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्यासाठी मुळात जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ नाटकातला नट. लोकांनी बघावं म्हणून केलेली भक्ती, अंगावर बांधायची, रुंद केलेली शास्त्रवचनांची पत्रं, वस्त्राचे लांब केलेले गोंडे, मेजवानीत मानाची जागा, बाजारात नमस्कार, हे सगळं त्यात आलं. आणि मग ती चुना लावलेल्या कबरींची उपमा. आपण ती नुसत्या दिखाव्याची समजतो. पण कबरीला हात लागला तर माणूस सात दिवस अशुद्ध, असा मोशेचा नियम होता. म्हणून वल्हांडण ह्या यहुद्यांच्या मोठ्या सणाच्या महिनाभर आधी, अदार महिन्यात, यात्रेकरूंनी चुकून पाय ठेवू नये ह्यासाठी कबरींवर चुन्याने खुणा करत. येशू हे बोलला तेव्हा वल्हांडण तोंडावर आला होता, म्हणजे चुना नुकताच लावलेला. पांढरं दिसलं की लांब राहा, असा त्या चुन्याचा अर्थ होता. धर्मगुरूंच्या शुभ्र दिसण्याबद्दल ह्याहून कठोर बोलणं मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ह्या अध्यायाचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहुद्यांचा द्वेष केला, आणि ते घोर पाप होतं. येशू स्वतः यहुदी. आमोस, यिर्मया, यहेज्केल ह्या जुन्या संदेष्ट्यांनी आपल्याच याजकांना आणि मेंढपाळांना, म्हणजे पुढाऱ्यांना, जे सुनावलं, तीच परंपरा तो चालवत होता. रात्री त्याच्याकडे आलेला निकदेम परूशीच होता. तालमुद ह्या यहुद्यांच्या धर्मग्रंथातही परूश्यांचे सात प्रकार सांगून त्यातल्या दांभिकांना झोडपलं आहे. आणि अध्यायाची पहिली ओळ बघा: येशू हे लोकसमुदायाला आणि आपल्या शिष्यांना सांगतो आहे. म्हणजे आम्हालाच. तुम्ही आपल्याला गुरुजी म्हणवून घेऊ नका, हे वाक्य शिष्यांसाठी आहे.

आता मार्कच्या शुभवर्तमानातल्या 12व्या अध्यायाकडे येते, कारण माझं मन तिथे अडकलं आहे. शास्त्र्यांविषयी सावध राहा, असं येशू म्हणतो. ते विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्याच्या लगेच पुढे एक गरीब विधवा दानकोशात दोन टोल्या टाकते, म्हणजे एक दमडी. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की, हिने आपली सगळी उपजीविका टाकली.

चर्चमध्ये दानाची थैली फिरायच्या आधी ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! प्रत्येक वेळी त्या बाईच्या श्रद्धेचं कौतुक, आणि ते खरंही आहे. पण आधीचं वाक्य कुणी वाचत नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर नेमकी दोन्हींच्या मध्येच अध्यायाची रेघ पडली आहे: घरं गिळल्याचं 20व्या अध्यायाच्या शेवटी, विधवा 21व्याच्या सुरुवातीला. ही अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली. लूकने लिहिताना मध्ये काहीच नव्हतं. घर गिळणारे, आणि पाठोपाठ घर गिळलं गेलेली बाई.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात दशांशाचा, म्हणजे दहाव्या हिश्श्याचा, नियम आहे. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले लोक, परदेशी, अनाथ आणि विधवा ह्यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे पुदिन्याच्या काड्या ज्या नियमाच्या नावाने मोजल्या जात होत्या, त्याच नियमाने ह्या बाईला धान्य मिळायला हवं होतं. आणि ही बाईच आपली शेवटची दमडी देऊन निघाली.

हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. स्वतः विधवा, केडगावला विधवांना आसरा देणाऱ्या, आणि हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणणाऱ्या. ह्या दोन ओळी त्यांच्या हातून उतरल्या असतील तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कितीतरी चेहरे असतील.

विधवेची गोष्ट संपते आणि येशू मंदिरातून बाहेर पडतो. एक शिष्य म्हणतो, गुरुजी, केवढे हे दगड, केवढ्या ह्या इमारती! येशू म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. ती बाई त्या गर्दीत कुठे गेली, त्या रात्री काय जेवली, हे मार्कने लिहिलेलं नाही.

नमस्कार.