पहिला तास, पहिला चीक

बाळ जन्मलंय, रडलंय. त्याला कोरडं पुसलं आणि वजनकाट्याकडे न नेता सरळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वर चादर, डोक्याला टोपी. वजन, फोटो, सगळं थांबेल. अंघोळ तर २४ तास थांबली तरी चालते.

आता नुसतं बघायचं. बाळ थोडा वेळ निपचित पडून राहतं. मग ओठ चाळवतात, मूठ तोंडाशी जाते. पाय पोटावर रेटा देतात आणि डुगडुगती मान उचलत ते स्तनाकडे सरकतं. नर्सचं काम मात्र अवघड: हात मागे ठेवायचे. नाक मोकळं आहे ना, श्वास नीट चाललाय ना, एवढ्यावरच तिची नजर. तासाभरात पाजायला सुरुवात व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. दाट, पिवळसर आणि थोडाच. इथेच घरच्यांचा धीर सुटतो. "तिला दूधच येत नाहीये!" येतंय की. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचा पुरतो. कारण नसताना वरचं दूध दिलं, तर भरल्या पोटी बाळ ओढत नाही आणि ओढलं नाही की दूध वाढत नाही.

दुसरा दिवस. आई कळवळतेय. नर्स शेजारी टेकते. "तुम्ही वाकू नका, बाळाला जवळ घ्या. थांबा... आ मोठा होऊ दे. हं, आता." हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. चोखण्याच्या मध्ये गिळण्याचा बारीक आवाज येतो. आईचे खांदे सैल पडतात.

रडणं ही भुकेची उशिराची खूण. मूठ चोखू लागलं की घ्यावं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. म्हणूनच दोघं एका खोलीत हवीत. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मांडलेल्या यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांतही ते आहे.

बाकी हिशेब लंगोट सांगतात. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते; पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले. वजन आधी थोडं उतरतंच. पण दहा टक्क्यांहून जास्त उतरलं किंवा बाळ पाजायलाही उठेना, तर लगेच डॉक्टर.

रात्रीचे तीन. बाळ पितंय. नर्स आत येते आणि आधी आईच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवते.