पुणे डॉट सी

(दृश्य : अप्पा बळवंत चौक, सकाळ. पुस्तकांच्या थप्प्या, त्यांवरून फिरणारे हात.)

अप्पा बळवंत चौकात दुकाने पुरती उघडण्याआधीच गिऱ्हाईक येऊन उभे राहते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची वापरलेली पुस्तके इथे कमी किमतीत मिळतात, आणि सी भाषा शिकवणारे एखादे जुने पुस्तक चाळले तर पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एक निळी खिडकी हमखास भेटते. ही खिडकी टर्बो सी या, सी प्रोग्रॅम लिहून तिथेच चालवण्याच्या साधनाच्या घराण्यातली आहे. बोर्लंड कंपनीने टर्बो सी १९८७ साली बाजारात आणले, ते त्या काळच्या डॉस प्रणालीसाठी. पुढे डॉस मागे पडले, त्यावर चालणारी यंत्रे भंगारात गेली, तरीही आजच्या संगणकावर डॉसचे सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आडोशाने कितीतरी प्रयोगशाळांत ही खिडकी अजून उघडली जाते. तिच्यात इंट प्रकारचा अंक, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटांचा असतो, म्हणून ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते. आजच्या यंत्रावर असे होत नाही, हे विद्यार्थ्याला कळते तेव्हा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होऊन गेलेली असते.

(दृश्य : सदाशिव पेठ. वाड्याचा लाकडी जिना, धरायला बांधलेला दोर.)

चौकातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, निवृत्त झालेले एक शिक्षक आठ संगणकांचा वर्ग चालवतात. आमच्या कॅमेऱ्याला हा जिना फार आवडला, त्यामुळे तो जरा जास्तच वेळ दिसेल. संगणक कचेऱ्यांनी टाकून दिलेले आहेत, त्यांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली आहे, आणि वर्गाचा एकच नियम आहे : प्रोग्रॅम चालवण्यासाठी कोणतेही बटण दाबायचे नाही, आज्ञा स्वतः टंकायची.

यासाठी लागतो कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, आणि सरांनी निवडलेला कंपायलर म्हणजे टायनी सी कंपायलर, अर्थात टीसीसी. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने त्याचे मूळ रूप दुर्बोध सी प्रोग्रॅमांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी लिहिले. अर्धविराम, महिरपी कंस आणि मोकळ्या जागा वगळता अवघ्या २,०४८ बाइटांत सी भाषेचा कंपायलर बसवायचा, एवढाच त्याचा हट्ट होता, आणि २००१ सालच्या त्या स्पर्धेत तो विजयी ठरला. त्यातूनच वाढलेल्या टीसीसीचा आकार जुन्या ३२-बिट यंत्रांवर सुमारे १०० केबी असल्याचे त्याचे कर्ते सांगत. मोबाइलवर काढलेला साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो.

(दृश्य : पडद्याचा जवळून फोटो. मुलीची बोटे कळफलकावर.)

सिंहगड रस्त्यावरून येणाऱ्या या विद्यार्थिनीने सात ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आहे आणि फाइलला नाव दिले आहे पुणे डॉट सी. ‘पुणे’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन या फंक्शनकडून मोजून घ्यायची आणि छापायची, एवढेच काम आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत (कमांड लाइनवर), ती टंकते : टीसीसी, मोकळी जागा, पुणे डॉट सी. तत्काळ उत्तर येते की सहाव्या ओळीत चूक आहे, अर्धविराम अपेक्षित होता, मिळाले ‘रिटर्न’. ती सहावी ओळ दोनदा तपासते. ओळ निर्दोष आहे.

“अगं, कंपायलरला चूक जिथे कळली ती ही ओळ. झाली कुठे, ते वर बघ,” सर म्हणतात.

अर्धविराम पाचव्या ओळीच्या शेवटी राहिला होता. तो घालून तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि नवा विद्यार्थी इथे हटकून घाबरतो. कमांड लाइनवर मात्र कंपायलरचे मौन हेच होकाराचे उत्तर असते. फोल्डरमध्ये ए डॉट आउट ही नवी फाइल तयार झालेली आहे. हे नाव ‘असेम्बलर आउटपुट’चे लघुरूप असून ते युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या पहिल्या दिवसांपासून चालत आले आहे. दुसरे नाव हवे असल्यास आज्ञेत डॅश ओ लिहून पुढे ते द्यायचे. चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावावी लागते, कारण चालू फोल्डरमध्ये प्रोग्रॅम शोधण्याची शेलला, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमला, सवय नसते. फाइल मागे ठेवायचीच नसेल, तर टीसीसी डॅश रन म्हणताच प्रोग्रॅम थेट मेमरीत घडतो आणि लगेच चालतो.

शेजारच्या संगणकावर वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम अडला आहे. मॅथ डॉट एच ही हेडर फाइल जोडलेली असूनही स्क्वेअर रूटचे फंक्शन सापडत नसल्याची तक्रार येते. हेडर फाइलमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते. त्याचे प्रत्यक्ष काम लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात, असते, आणि ती जोडण्यासाठी आज्ञेच्या शेवटी डॅश एलएम लिहावे लागते. निळ्या खिडकीत कंपायलर आणि लायब्ररी जोडून देणारा लिंकर एकाच कळीमागे उभे असल्याने ते दोघे आहेत हेच कोणाला दिसत नव्हते. सर मग जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला डॅश ई देऊन दाखवतात, तेव्हा इन्क्लूडच्या, म्हणजे हेडर फाइल जोडणाऱ्या, एका ओळीच्या शेकडो ओळी होऊन पडद्यावरून सरकू लागतात.

कॉलेजच्या परीक्षेत मात्र निळ्या खिडकीतली कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल आणि कळ दाबण्याची वाट पाहणारे गेटसीएच हे फंक्शन लिहावेच लागते. त्यासाठी या मुलांनी वेगळी वही केली आहे.

(दृश्य : पुन्हा तीच विद्यार्थिनी. पडद्यावर एकच आकडा.)

पुणे डॉट सीने उत्तर दिले आहे बारा. स्ट्रलेन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. प, उकार, ण आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हे, म्हणून बारा. सर वहीच्या पाठकोऱ्या पानावर बाइटांची फोड करून दाखवतात : चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचे प्रत्येक बाइट एक आणि शून्य या दोन बिटांनी सुरू होते, ते सोडून बाकीचे मोजावेत. ती फिरता लूप लिहिते, कंपायलर गप्प राहतो, आणि पडद्यावर चार येते.

“पण सर, अक्षरं तर दोनच आहेत,” ती म्हणते.

सर वही पुन्हा जवळ ओढतात. जिन्यावर पुढच्या तुकडीच्या चपला वाजू लागल्या होत्या आणि खोली रिकामी करायची होती, त्यामुळे त्या पानावर पुढे काय लिहिले गेले ते आमच्या चित्रीकरणात नाही.