वीस डॉलरची कार्बाइन

[दृश्य: टेबलावर अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली एम-१ कार्बाइन. मॅगझिन काढून बाजूला ठेवलेलं, बोल्ट मागे अडकवलेला, चेंबर रिकामं दिसतंय.]

१९६३ साली अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना ही बंदूक २० डॉलरला मिळायची, तीही घरपोच. सैन्याकडे ती गरजेपेक्षा जास्त झाली होती. आज त्याच बंदुकीला चांगल्या अवस्थेत हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. घेणारे तरीही घेतात, आणि बरेच जण सहा महिन्यांनी कपाटात ठेवून देतात. दुकानात तिच्या प्रेमात पडायला दोन मिनिटं पुरतात. ती नक्की कशाला घेतोय, हा प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्याला लटकलेल्या बंदुकीला कार्बाइन म्हणतात, ती ९ मिलिमीटरची आणि स्वयंचलित. चाप दाबून धरला की सुटतच राहते. ही तशी नव्हे. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. पुढचं काडतूस चेंबरमध्ये बंदूक आपणहून भरते, पण ते उडवायला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. आणि कार्बाइन म्हणजे मुळात आखूड नळीची, हलकी रायफल.

[दृश्य: तराजूवर आधी एम-१ गॅरंड रायफल, मग कार्बाइन.]

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पायदळाची गॅरंड रायफल होती साधारण ४.३ किलोंची. ड्रायव्हर, तोफखान्यातले लोक, बिनतारी यंत्र वाहणारे यांच्यासाठी ती ओझंच होती. पिस्तूल द्यावं तर त्याने ५० मीटरवर नेम लागणं कठीण. म्हणून १९४१ मध्ये मधली वाट निघाली. वजन सुमारे २.४ किलो, लांबी ९० सेंटिमीटर, नळी १८ इंच, मॅगझिन १५ गोळ्यांचं. युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त बनल्या. बनवणाऱ्यांची यादी मोठी मजेशीर आहे. जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, टाइपरायटरवाली अंडरवुड, आयबीएम, आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला. आज संग्राहक रिसीव्हरवरचं, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्यावरचं, हेच नाव आधी वाचतात. रॉक-ओलाची कार्बाइन इनलँडपेक्षा महाग, कारण कमी बनल्या. गोळी दोन्हींतून सारखीच सुटते.

ती हलकी ठेवता आली ती आतल्या रचनेमुळे. नळीतला थोडा वायू एका छिद्रातून छोट्या दट्ट्यावर येतो. हा दट्ट्या जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतो, स्लाइडला, म्हणजे बोल्ट हलवणाऱ्या सरकत्या भागाला, एक टोला देतो आणि थांबतो. बाकीचं काम स्लाइड स्वतःच्या वेगाने करते. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना नवं काडतूस घेऊन बंद होतो. आजच्या कित्येक ९ मिलिमीटर कार्बाइन हिच्याहून जड असतात. त्यांच्यात बोल्टला कुलूप नसतं, त्यामुळे गोळीचा दाब नुसत्या वजनाने थोपवायला बोल्ट जाडजूड करावा लागतो. रुगरची पीसी कार्बाइन तीन किलोंच्या वर जाते, आणि तिचं काडतूस याहून बरंच दुबळं.

[दृश्य: तीन काडतुसं शेजारी उभी: पॉइंट थर्टी कार्बाइन, ५.५६ मिलिमीटर, आणि गॅरंडचं थर्टी-ऑट-सिक्स.]

आता काडतूस, कारण फायदा-तोट्याचा निम्मा हिशेब इथेच आहे. गोळी ११० ग्रेनची, म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास. नळीतून निघताना वेग सेकंदाला ६०० मीटर, ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल. गॅरंडच्या गोळीत याच्या अडीचपटीहून अधिक. शिवाय हिचं नाक गोल आहे, हवा तिला लवकर अडवते. १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, ऊर्जा ८०० ज्यूलपर्यंत उतरलेली असते. २०० यार्डांवर ५०० ज्यूल, आणि गोळी फुटाहून जास्त खाली येते. नेम धरायच्या जुन्या घडीच्या साइटवर १५० आणि ३०० यार्डांच्या खुणा आहेत. त्यातली ३०० ची खूण आशावादी माणसाने कोरली असावी.

हरणाच्या शिकारीला गोळीत तिथे पोचल्यावर हजार फूट-पाउंड, म्हणजे साधारण १,३५५ ज्यूल ऊर्जा हवी, असा अमेरिकी शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. ही गोळी नळीतून निघतानाच त्याच्या जरा खाली असते. जवळून, मऊ टोकाच्या गोळीने शिकार करणारे आहेत. पण शिकारीसाठीच घ्यायची असेल तर ही बंदूक घेऊ नये.

निशाणेबाजीच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, मात्र हिच्यासारखी सोबत नाही. धक्का सौम्य, वजन कमी, नवशिक्याचा खांदा दुखत नाही. १०० यार्डांवर तीन ते पाच इंचांचा गट पडतो, म्हणजे गोळ्यांची भोकं तेवढ्या जागेत पडतात. यापेक्षा घट्ट गटाची अपेक्षा ठेवून घेणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. गट अचानक पसरू लागला तर आधी नळीला दोष देऊ नका. रिसीव्हर दस्त्याला धरणाऱ्या मागच्या रिकॉइल प्लेटचा स्क्रू सैल झालाय का आणि नळी लाकडाला धरणारा पुढचा बँड हलतोय का, ते पाहा.

[दृश्य: मॅगझिन जवळून. वरचे ओठ, मग स्प्रिंग, मग खालची पट्टी.]

या बंदुकीच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांतल्या बहुतेक मॅगझिनपाशी येऊन थांबतात. ओठ जरा वाकले की काडतूस तिरकं वर येतं आणि चेंबरच्या तोंडाशी अडतं. बाजारातली स्वस्त, नवी मॅगझिन या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. युद्धकाळातली लष्करी अजून चालतात. प्रत्येक मॅगझिनवर खडूने नंबर टाका. एकाच नंबरवर बंदूक तीनदा अडली तर दोष मॅगझिनचा, ते फेकून द्या. सगळ्यांवर अडत असेल तर मग रिकॉइल स्प्रिंग काढून मोजा. मोकळी असताना ती सव्वादहा इंचांच्या आसपास भरायला हवी. आखूड झालेली स्प्रिंग बोल्ट पूर्ण मिटवत नाही. ही स्प्रिंग काही डॉलरना मिळते, आणि लोक मात्र बंदूक घेऊन शंभर डॉलरच्या कारागिराकडे जातात.

स्प्रिंगही ठीक आहे, पण पुंगळ्या मरगळल्यासारख्या जवळच पडतायत किंवा बाहेर पडतच नाहीत? मग दट्ट्याची चाकी सैल झाली असू शकते. ती ठोकून पक्की केलेली असते आणि खास पान्याशिवाय निघत नाही. नेहमीच्या साफसफाईत तिला हात लावायचाच नाही. म्हणूनच अमेरिकी सैन्याने या काडतुसात सुरुवातीपासून न गंजवणारा प्राइमर (काडतूस पेटवणारी टिकली) वापरला, कारण हा दट्ट्या सैनिकाला उघडता येणार नव्हता. जुन्या फ्रेंच आणि काही चिनी काडतुसांचं तसं नाही. स्वस्तात मिळाली म्हणून ती झाडली, तर पाणी न पोचणाऱ्या जागी क्षार साचतो आणि आतून गंज धरतो.

काडतुसांचा खर्च हा कायमचा. ९ मिलिमीटर किंवा ५.५६ पेक्षा ही महाग पडतात आणि छोट्या दुकानात बहुधा नसतात. महिन्याला शंभर गोळ्या झाडायचा बेत असेल तर आधी वर्षाचा हिशेब मांडा. बंदुकीच्या किमतीवर भाव करणारा माणूस इथे फसतो. या बाबतीत १६ इंच नळीची, ५.५६ ची एआर-१५ रायफल सरळ सरस ठरते. सुटे भाग कुठेही मिळतात, वर दुर्बीण बसवायला तयार पट्टी आहे, गोळीही सपाट जाते. एम-१ वर दुर्बीण बसवता येते, पण त्यासाठी जुनी बंदूक भोकं पाडून खराब करणाऱ्याला संग्राहक माफ करत नाहीत.

[दृश्य: नळीच्या तोंडाजवळ कोरलेली आयातदाराची बारीक अक्षरं.]

जुनी घेताना तीन जागा पाहाच. नळीचं तोंड: तिथे गोळी सैल बसत असेल तर नळी झिजली आहे. नळीवर आयातदाराचा शिक्का: बंदूक परदेशात वापरून परत आली आहे, किंमत कमी व्हायला हवी. आणि सेफ्टी: अगदी सुरुवातीच्या बंदुकांवर ढकलायचं बटण असतं, मॅगझिन सोडायच्या बटणाला खेटून. घाईत सैनिक सेफ्टीऐवजी मॅगझिनच पाडायचे, म्हणून पुढे फिरवायची खुंटी आली. संग्राहकाला ते जुनं बटण हवंहवंसं, वापरणाऱ्याला नको. एम-२ ही हिचीच स्वयंचलित बहीण. तिचे सुटे भाग चुकून बसवलेली बंदूक कायद्याने मशीनगन ठरू शकते, म्हणून जुना माल जाणकाराने उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. युद्धानंतर खासगी कंपन्यांनी बनवलेल्यांचीही तपासणी हवीच. युनिव्हर्सल कंपनीच्या उशिराच्या कार्बाइनमध्ये लष्करी सुटे भाग बसत नाहीत.

[दृश्य: न्यू जर्सीतल्या एडिसनचा रस्ता. मराठी-गुजराती पाट्या.]

इथून पुढचा भाग अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी, आणि तो बंदुकीपेक्षा महत्त्वाचा आहे. न्यू जर्सीच्या बंदी असलेल्या बंदुकांच्या यादीत एम-१ कार्बाइन नावानिशी आहे. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलात तर २०२२ पासून अर्धस्वयंचलित रायफल घ्यायला वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात साधा लाकडी दस्ता आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन चालतं, पण छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली घडीच्या दस्त्याची एम-१-ए-१ चालत नाही. पेनसिल्व्हेनियात सरळ घेतलेली बंदूक गाडीच्या डिकीत टाकून न्यू जर्सीतल्या घरी आणली, तर तो गुन्हा आहे.

त्याहून मोठी अडचण व्हिसाची. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याने घेता येते. नोकरीचा एच-वन-बी, त्यावरच्या कुटुंबाचा एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसा असेल तर बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच. ऑफिसच्या मित्रांसोबत गंमत म्हणून गेलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि काउंटरवरचा फॉर्म तो न वाचताच सही करतो. ग्रीन कार्डवाल्या मित्राने आपल्या नावावर घेऊन अशा व्हिसावाल्याला देणं हा तर उघड गुन्हा. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलंय, बायकोचं अजून यायचंय, अशा घरात तिजोरीची किल्ली किंवा आकडा नवऱ्याकडेच राहायला हवा. खरेदीआधी वकिलाला विचारलेलं बरं.

[दृश्य: जिप्समच्या भिंतीचा आडवा छेद.]

घराच्या रक्षणासाठी म्हणून घेणारेही आहेत. बाजूने बोलायचं तर दोन्ही हात आणि खांदा मिळून तीन आधार, त्यामुळे पिस्तुलापेक्षा नेम कितीतरी सोपा. विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. दोन्ही हात गुंतले की दार उघडायला, फोन धरायला, मुलाला मागे ओढायला हात उरत नाही. अमेरिकी घराची आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन जिप्समचे तक्ते आणि मधे पोकळी. धातूचं पूर्ण आवरण असलेली ही गोळी अशा एकाहून जास्त भिंती सहज पार करते, आणि पलीकडे झोपायची खोली असते. बंद खोलीत एका बारानेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. रेंजवर म्हणूनच कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घालतात.

आणि एक गोष्ट या हिशेबात फार थोडे लोक धरतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कुणी निराशेतून जात असेल, नोकरी गेली असेल, मुलगा खोलीबाहेर येत नसेल, तर ही खरेदी पुढे ढकला. घेतलेलीच असेल तर कुलूप बदला, किंवा कायदा परवानगी देत असेल तिथे काही काळ घराबाहेर ठेवा. तिकडचा मदतीचा क्रमांक ९८८.

[दृश्य: पोलादी कपाट. वर बंदूक, खाली वेगळ्या कुलपात काडतुसांचा डबा.]

बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं, नाहीतर चोर कपाटासकट नेतो. तळघरात दमट असेल तर आत ओलावा शोषणारी पुडी ठेवा. लाकडी दस्ता फुगला तरी बंदुकीचा गट बदलतो. रेंजवरून आलात की आधी हात साबणाने, गार पाण्याने धुवा, कपडे वेगळे टाका. हाताला शिसं लागलेलं असतं, आणि घरात रांगतं मूल असेल तर ते जमिनीवरून तोंडात जातं.

रेंजला नेता ती बॅग फक्त रेंजचीच ठेवा. तिच्या अस्तरात, बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस सुटून राहतंच. दिवाळीला गावी जाताना तीच बॅग चिवडा-लाडवांच्या डब्यांसोबत विमानात चढली, तर मुंबई विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रात ते एक काडतूस स्पष्ट दिसतं. आणि परवान्याशिवाय काडतूस जवळ असणं भारतात शस्त्र कायद्याखाली येतं.