गॅसच्या गोळीमागचं गॅस्ट्रिन

[दृश्य: बेळगाव, खडेबाजार. रात्रीची वेळ, मेडिकल दुकानाचा काउंटर.]

“छातीत जळूलालंय. गॅसची एक स्ट्रिप द्या की.”

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, एवढं बोललं की काम होतं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल हातात पडतं. गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि चांगलं करते. पण आम्ल कमी झालं की शरीर गप्प बसत नाही. ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, वाढवतं.

[दृश्य: जठराचं रेखाचित्र. खालचा भाग उजळतो.]

जठराच्या खालच्या टोकाला, आतड्याच्या तोंडाशी, जी-पेशी असतात. जेवणातली प्रथिनं तिथं पोचली की त्या रक्तात गॅस्ट्रिन सोडतात. रक्तातून फिरून ते जठराच्याच वरच्या भागात येतं, तिथल्या पेशींना हिस्टामिन नावाचं रसायन सोडायला लावतं, आणि हिस्टामिनमुळे आम्ल सुटतं. आम्ल पुरेसं झालं की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरं संप्रेरक जी-पेशींना आवरतं.

संकेश्वरी मिरचीवर मात्र आळ जरा जास्तच येतो. तिखट थेट मज्जातंतूंना डिवचतं, म्हणून आग होते. गॅस्ट्रिनला हाक मारतं ते रश्श्यातलं मटण. आणि जळजळीवर घरोघरी सांगितलं जाणारं थंड दूध? घटकाभर बरं वाटतं खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही गॅस्ट्रिन वाढवतात.

[दृश्य: प्रयोगशाळेतली जुनी उपकरणं.]

१९०५ मध्ये इंग्लंडच्या जॉन एडकिन्स यांनी असं काही संप्रेरक असावं असं मांडलं. त्यावर कित्येक वर्षं कुणाचा विश्वास नव्हता. जो परिणाम दिसतो तो हिस्टामिनचा, असं म्हणत. अखेर १९६४ मध्ये लिव्हरपूलला रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून ते शुद्ध करून दाखवलं. १७ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या कणांची, साखळी. १९७० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना रक्तात त्याहून मोठं, ३४ अमिनो आम्लांचं गॅस्ट्रिन सापडलं.

[दृश्य: चिकोडी भागातलं गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा रस.]

एकाच उसाच्या रसाची काकवी होते, गूळही होतो. कुठे थांबवलं त्यावर ठरतं. गॅस्ट्रिनचंही तसंच. पेशी आधी १०१ अमिनो आम्लांची लांब साखळी बनवते. ती कापत कापत ८० चं प्रोगॅस्ट्रिन, मग ३४ चं, मग १७ चं रूप तयार होतं. शेवटची चार अमिनो आम्लं आणि टोकाला जोडलेला अमाइड नावाचा छोटा रासायनिक तुकडा, पोटातलं आम्ल सोडवण्याची ताकद तिथं आहे. १७ चं रूप काही मिनिटांत रक्तातून ओसरतं. ३४ चं अर्धा तास तरी रेंगाळतं. जठरात भरणा १७ च्या रूपाचा असतो, तरी उपाशीपोटी रक्तात ३४ चं जास्त दिसतं, ते यामुळे.

अमाइड न लागलेली अर्धवट रूपं आम्ल फारसं वाढवत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षं निरुपयोगी उरलंसुरलं मानलं गेलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र प्रोगॅस्ट्रिन मोठ्या आतड्याच्या अस्तराची वाढ करताना दिसलं, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी त्याचं नातं तपासलं जाऊ लागलं.

[दृश्य: रक्ततपासणीचा रिपोर्ट. ‘गॅस्ट्रिन’ या ओळीवर कॅमेरा थांबतो.]

आता हा रिपोर्ट. आकडा चढलेला आहे. अर्थ काय?

एक शक्यता: गॅस्ट्रिन बनवणारी गाठ. रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार. आम्लाचा पूर, पुन्हा पुन्हा अल्सर, जुलाब. दुसरी शक्यता अगदी उलटी: आम्ल बनवणाऱ्या पेशीच मेल्या आहेत, आम्ल नाही, म्हणून गॅस्ट्रिनला आवरणारं काही उरलेलं नाही. अशा माणसात ब१२ शोषलं जात नाही आणि रक्तक्षय होतो. तिसरी शक्यता सगळ्यांत जास्त आढळणारी: रोजची गॅसची गोळी. हेलिकोबॅक्टर जंतूही आकडा थोडा चढवतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. पोटातलं पीएच २ च्या खाली, म्हणजे आम्ल भरपूर असताना उपाशीपोटी गॅस्ट्रिन १००० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं, तर गाठीचा संशय पक्का होतो. त्यातही मेख आहे. गाठी वेगवेगळ्या लांबीची रूपं सोडतात आणि रक्ततपासणीची काही किट फक्त १७ चंच रूप मोजतात. २०१२ मध्ये बाजारातली १२ किट तपासली, त्यातली ७ चुकीचे आकडे देत होती.

[दृश्य: गोळीची रिकामी स्ट्रिप.]

आणि गोळी अचानक बंद केली तर? इतके दिवस चढलेल्या गॅस्ट्रिननं हिस्टामिनच्या पेशी वाढवून ठेवलेल्या असतात. अडथळा उठताच आम्ल पूर्वीपेक्षा जोरात सुटतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर हे पाहिलं. आठ आठवडे गोळी घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना त्रास झाला. औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. आधी पोटाची तक्रारच नसलेली ही माणसं! असा त्रास झाला की माणूस पुन्हा मेडिकलची पायरी चढतो.

बऱ्याच जणांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोस हळूहळू कमी करता येतो. ज्यांच्या अल्सरमधून रक्त गेलं आहे, किंवा ज्यांना संधिवातासाठी रोज वेदनाशामक घ्यावं लागतं, त्यांनी मात्र गोळी स्वतःच्या मनानं सोडायची नाही. गॅस्ट्रिनची तपासणी असेल, तर गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना गोळी चालू आहे हे ठाऊक हवं, दुकानातून आपणच आणलेली असली तरी.