शेवटचा डोंगर राखून ठेवताना

मित्रहो,

आपण सगळे सह्याद्रीत भटकणारे आहोत, त्यामुळे वहीत किल्ल्यांची नावे लिहून एकेकावर खूण करत जाण्याचा नाद काय असतो, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. स्कॉटलंडमध्ये, जिथे माझी सत्तावीस वर्षे गेली, या नादाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यातली एक रीत मला फार मोलाची वाटते. यादीतला शेवटचा डोंगर तिथे सहसा एकट्याने उरकत नाहीत. तो सोबत्यांसाठी राखून ठेवतात.

ही यादी सर ह्यू मन्रो यांची. तीन हजार फुटांहून, म्हणजे सुमारे ९१४ मीटरहून, उंच असलेल्या डोंगरांची कोष्टके त्यांनी १८९१ मध्ये स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात छापली, तेव्हा त्यांत २८३ स्वतंत्र डोंगर होते. मोजणी सुधारत गेली, काही नावे गळली, काही आली आणि आज ही संख्या २८२ आहे. त्यांच्या आडनावावरूनच अशा प्रत्येक डोंगराला ‘मन्रो’ म्हणू लागले. स्वतः मन्रोंची यादी मात्र पुरी झाली नाही. कार्न क्लॉइख-वूलिन नावाचा एक डोंगर त्यांनी शेवटासाठी मुद्दाम बाजूला ठेवला होता, पण १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि १९८१ च्या फेरतपासणीत तो डोंगर मन्रोंच्या यादीतूनच वगळला गेला. राखून ठेवलेला घास असा राहून जावा, याची मला आजही हुरहूर वाटते.

यादी पूर्ण करण्याचा पहिला मान रेव्हरंड रॉबर्टसन या पाद्रीबुवांकडे जातो. १९०१ मध्ये ग्लेनकोच्या धारेवरील म्यावल जेरक या शेवटच्या माथ्यावर ते पत्नी आणि एका मित्रासह पोहोचले आणि, तिथे सांगतात त्याप्रमाणे, त्यांनी आधी माथ्यावरच्या दगडांच्या राशीचे आणि मग पत्नीचे चुंबन घेतले. यादीतल्याच बेन वायव्हिस या डोंगराच्या माथ्यापर्यंत ते खरोखर गेले होते की पावसामुळे अलीकडूनच परतले, यावर पुढे वाद झाले. मला त्या वादापेक्षा ती माथ्यावरची तीन माणसे महत्त्वाची वाटतात.

माझी यादी पुरी व्हायला तेवीस वर्षे लागली. सर्वांत कसोटी पाहिली ती स्काय बेटावरच्या ‘इनॲक्सेसिबल पिनॅकल’ या सुळक्याने. दोर लावल्याशिवाय सहसा कोणी त्यावर जात नाही आणि उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणे, करावे लागते. पावसाने आम्हांला दोनदा पायथ्यावरून परतवले आणि तिसऱ्या खेपेस तो झाला. हा सुळका शेवटी ठेवला असता तर थाट मोठा झाला असता, पण माथ्यावर चारच माणसे मावली असती आणि माझे निम्मे सोबती खाली उभे राहून मान वर करून पाहत बसले असते. म्हणून मी मल बेटावरचा बेन मोर ठेवला. त्याची उंची ९६६ मीटर. चढ समुद्रकिनाऱ्यापासून सुरू होतो, त्यामुळे एक मीटरही फुकट मिळत नाही, पण वाट सरळ आहे आणि दमाने चालणाऱ्याला जमण्याजोगी आहे.

दमाने चालणारा म्हणजे माझा सर्वांत जुना सोबती, वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा बदललेला. माझ्या पहिल्या मन्रोवर मला नेणारा तोच. त्याचे २४१ डोंगर झाले होते आणि तिथेच तो थांबला होता. बेन मोर राहिलेल्यांपैकी होता.

ओबनहून बोटीने निघालो तेव्हा आम्ही अकराजण होतो. बेटाचे डोंगर जवळ आले आणि मला गहिवरून आले, कारण ते पायऱ्यापायऱ्यांचे कडे मी लहानपणापासून पाहिलेले होते. मल हा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा प्रदेश आहे. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच तिथेही लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. घसाऱ्यावर हात टेकवला की राजगडाच्या वाटेवरचा दगड हाताखाली यावा, तसे वाटत होते.

माथ्याच्या वीसेक पावले खाली मी थांबलो. पुढे गेलेल्यांनी तिथल्या प्रथेप्रमाणे चालण्याच्या काठ्या वर धरून कमान केली होती आणि मला हाका मारत होते, पण मी सोबत्याची वाट पाहिली. अर्ध्या तासाने तो आला आणि आम्ही दोघे त्या कमानीखालून वाकून गेलो. व्हिस्कीची छोटी बाटली हातोहात फिरली. आईने पुण्याहून पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला, तेव्हा माथ्यावर आलेल्या एका अनोळखी जोडप्यालाही आम्ही एकेक दिला.

मग सोबत्याने खिशातून जुने होकायंत्र काढले, ज्यावर त्याने मला दिशा वाचायला शिकवले होते. बेन मोरच्या माथ्याजवळ खडकातल्या चुंबकत्वामुळे होकायंत्र फसते, हे मी वाचले होते, पाहिले नव्हते. त्याने ते राशीतल्या एका दगडावर ठेवले, मला जवळ बोलावले आणि होकायंत्र हळूहळू दगडावरून सरकवत, सुई उत्तर सोडून कशी भरकटते ते दाखवू लागला.